देवघरात येणारं मावळतीचं ऊन एलडीआरनं कसं मोजावं

आमच्या आप्पांची हयात कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकामासाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे साच्याचे नमुने, करण्यात गेली. पेपर हातात घेतला की त्यांचं बोट आकड्यावर थांबतं. एका नोव्हेंबरात ते किरणोत्सवाच्या बातमीवर थांबलं. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात आणि मूर्तीच्या चरणांपासून वर चढत जातात. बातमीत किरणांची तीव्रता लक्समध्ये, म्हणजे उजेड मोजायच्या एककात, दिली होती. आप्पांनी चष्मा काढून मला विचारलं, "हे लक्स कुठल्या पट्टीनं मोजतात गं?"

आमचं घर गंगावेशीजवळ आहे आणि मागचं दार पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे कललेलं. त्याच दिवसांत त्या दारातून उन्हाची एक तिरीप माजघर ओलांडून थेट आमच्या देवघरापर्यंत पोचते. आप्पा म्हणाले, "मग आपल्या देवघरातलं माप काढून दाखव की."

मी शाळेत विज्ञान शिकवते. आर्डुइनो उनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड घरात होताच आणि एलडीआरचं, म्हणजे उजेडाप्रमाणे रेझिस्टन्स (विजेला होणारा रोध) बदलणाऱ्या चकत्यांचं, पाकीटही होतं. पहिल्या संध्याकाळी माझं माप साफ चुकलं. का चुकलं आणि नीट कसं केलं, ते इथं सविस्तर लिहिते, कारण एलडीआर जोडायची कृती सगळीकडे मिळते, पण सोबतचा रेझिस्टर किती ओहमचा घ्यायचा हे फारसं कुणी सांगत नाही. आणि सगळं माप त्या रेझिस्टरवरच उभं असतं.

आधी वस्तू ओळखून घ्या. एलडीआर म्हणजे नखाहून लहान चकती, तिच्यावर नागमोडी रेघ. ती रेघ कॅडमियम सल्फाइडची. तिच्यावर प्रकाश पडला की आतले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रेझिस्टन्स घटतो. हा गुण पहिल्यांदा सापडला तो सेलेनियममध्ये, १८७३ साली. विलोबी स्मिथ हे समुद्राखालच्या तारांच्या तपासणीसाठी सेलेनियमच्या कांड्या वापरत होते आणि उजेडात त्यांचा रेझिस्टन्स बदलतो असं त्यांच्या ध्यानात आलं. आपल्याकडे सहसा मिळतो तो जीएल ५५२८ या जातीचा. १० लक्स उजेडात त्याचा रेझिस्टन्स साधारण १० ते २० किलोओहम, पूर्ण अंधारात १ मेगाओहमच्या वर. हिरव्या रंगाला, ५४० नॅनोमीटरच्या आसपास, तो सर्वात जास्त दाद देतो. माणसाचा डोळाही ५५५ नॅनोमीटरला सर्वात तीक्ष्ण असतो. म्हणून डोळ्याला दिसणारा उजेड मोजायला ही स्वस्त चकती चांगली.

वायर जोडायच्या आधी मल्टिमीटर घ्या. तो ओहमवर ठेवा, दोन टोकं एलडीआरच्या दोन पायांना लावा आणि घरभर फिरा. ही पायरी मी मुलांना कधीच चुकवू देत नाही. आमच्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली ३ किलोओहम आलं, मागच्या दाराच्या सावलीत ६०० ओहमच्या आसपास. मग चकती पत्र्याच्या डब्यात घालून झाकण लावलं तर आकडा एकदम मेगाओहमवर गेला नाही, मिनिटं-मिनिटं चढत राहिला. ही चकती उजेड सावकाश विसरते, हे तेव्हाच हाताला कळतं. मोजायच्या आधी ती दोन तास तरी घरातल्या नेहमीच्या उजेडात ठेवा. डब्यातून काढून लगेच घेतलेल्या मापावर मी विश्वास ठेवत नाही.

आता जोडणी. आर्डुइनोला रेझिस्टन्स कळत नाही, व्होल्टेज कळतं. म्हणून एलडीआर आणि एक ठरावीक रेझिस्टर एकापुढे एक लावायचे आणि ५ व्होल्ट त्यांच्यात वाटून द्यायचे. एलडीआरचा एक पाय ५ व्होल्टला, दुसरा उनोच्या व्होल्टेज वाचणाऱ्या ए-शून्य पिनला. त्याच पिनपासून रेझिस्टर ग्राउंडला. उजेड वाढला की एलडीआरचा रेझिस्टन्स उतरतो आणि ए-शून्यवरचं व्होल्टेज चढतं. उनो त्या ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो आणि शून्य ते १०२३ मधला आकडा देतो, म्हणजे एक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची. मोजपट्टीही तेच ५ व्होल्ट आणि वाटले जाणारेही तेच, त्यामुळे यूएसबीचा पुरवठा ४.८ झाला तरी आकडा हलत नाही. ही सोय फुकटात मिळते, म्हणून एलडीआरला ५ व्होल्ट बोर्डावरूनच द्या, वेगळ्या ॲडॅप्टरवरून नको.

आकड्यावरून एलडीआरचा रेझिस्टन्स काढायचं सूत्र असं:

एलडीआरचा रेझिस्टन्स = ठरावीक रेझिस्टर × (१०२३ ÷ आकडा − १)

प्रोग्राममध्ये हे लिहिताना १०२३ च्या जागी १०२३.० लिहा. तसं न केल्यास उनो पूर्णांकी भागाकार करतो, दशांश गळून पडतो आणि मधले सगळे आकडे एकाच रेझिस्टन्सवर गोळा होतात. आकडा शून्य आला तर भागाकार करू नका, त्याची अट आधी घाला.

पहिल्या संध्याकाळी मी सगळेजण लावतात तसा १० किलोओहमचा रेझिस्टर लावला. त्याच्यावरचे रंगीत पट्टे तपकिरी, काळा, नारिंगी. देवापुढं वायरी नकोत असं आईनं बजावलं होतं, म्हणून देवघराशेजारी चौरंगावर चकती ठेवली आणि तीन मीटर वायर ओढून माजघरात लॅपटॉपपाशी बसले. तिरीप आली. चकतीवर ऊन पडलं तेव्हा आकडा होता ९९१. डोळ्यांदेखत ऊन पिवळ्याचं तांबूस झालं, मंदावलं, आणि आकडा आला ९६३ वर. आप्पा स्क्रीनकडे बघत होते. ते म्हणाले, "ऊन निम्म्याहून कमी झालं, आणि तुझा काटा हललाच नाही."

त्यांचं म्हणणं खरं होतं. माझ्या चकतीचं गणित करून बघा. १ लक्सला तिचा रेझिस्टन्स साधारण ६० किलोओहम, तेव्हा १० किलोओहमच्या जोडीला आकडा येतो १४७. १० लक्सला १५ किलोओहम, आकडा ४०९. १०० लक्सला ७४३. १००० लक्सला ९३४. १०००० लक्सला ९९९. म्हणजे १ ते १०० लक्सच्या अंधुक उजेडाला सहाशे पायऱ्या मिळाल्या आणि १००० ते १०००० लक्सच्या उन्हाला जेमतेम पासष्ट. १० किलोओहम चुकीचा नव्हता, तो रात्रीच्या दिव्याचा रेझिस्टर होता. मी त्याच्यावर ऊन मोजत होते.

तेव्हा रेझिस्टर निवडायची रीत अशी. आपल्याला कुठला उजेड मोजायचा आहे ते आधी ठरवा. त्या जागी, त्या वेळी, मल्टिमीटरनं एलडीआरचा रेझिस्टन्स दोनदा घ्या: आपल्या कामाच्या सर्वात मोठ्या उजेडात आणि सर्वात कमी उजेडात. दोन्हींचा गुणाकार करा, त्याचं वर्गमूळ काढा. त्याच्या जवळचा जो रेझिस्टर बाजारात मिळतो तो लावा. या रेझिस्टरला त्या दोन टोकांमध्ये आकडा जास्तीत जास्त फिरतो. माझ्या देवघरात उन्हाच्या भरात ३२३ ओहम आणि तिरीप जाता जाता ६२४ ओहम आले. गुणाकाराचं वर्गमूळ ४४९. बाजारात मिळतो ४७० ओहमचा: पिवळा, जांभळा, तपकिरी. दुसऱ्या संध्याकाळी तोच लावला आणि तीच तिरीप ६०६ वरून ४३९ वर उतरली. अठ्ठावीस पायऱ्यांच्या जागी एकशे सदुसष्ट.

अंगणातला दिवा संध्याकाळी आपोआप लावायचा असेल तर काम ५ ते ५० लक्सचं. तिथं वर्गमूळ ११ किलोओहमच्या आसपास येतं, आणि तिथं १० किलोओहमच योग्य.

दोन्ही मोजायचं असेल तर? ऊन गेल्यावर देवघरात चाळीसेक लक्स उरतात आणि ४७० ओहमवर तेव्हा आकडा फक्त ६८ येतो. यासाठी मला फार आवडणारी एक युक्ती आहे. दोन्ही रेझिस्टर ए-शून्यला जोडा, पण त्यांचे खालचे पाय ग्राउंडला न लावता डिजिटल पिनांना लावा: १० किलोओहमचा सात नंबरला, ४७० चा आठ नंबरला. ज्या रेझिस्टरनं मोजायचं त्याची पिन आउटपुट करून लो, म्हणजे शून्य व्होल्टवर, ठेवा, दुसरीला इनपुट करा. इनपुट केलेली पिन जवळजवळ तुटल्यासारखी असते, त्यामुळे तो रेझिस्टर बाजूला पडतो. १० किलोओहमवर आकडा ९०० च्या वर गेला की ४७० वर या, आणि ४७० वर १५० च्या खाली आला की परत जा. दोन सीमांमध्ये जागा सोडली आहे, म्हणून रेझिस्टर सारखे आलटत-पालटत बसत नाहीत. पिन बदलल्यावर १० मिलिसेकंद थांबा आणि मगच वाचा. पिनेचा स्वतःचा पंचवीसेक ओहम रेझिस्टन्स असतो, तेव्हा सूत्रात ४७० ऐवजी ४९५ धरते. कडक उन्हात चकती ६० ओहमपर्यंत उतरली तरी पिनेतून जाणारा करंट १० मिलिअँपिअरच्या आतच राहतो. ते उनोच्या पिनेला चालतं.

घरातल्या दिव्यांमुळे आकडा थरथरतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. एलडीआर मुळात संथ आहे, वीस-तीस मिलिसेकंद घेतो, म्हणून बरीचशी थरथर तो स्वतःच गिळतो. उरलेली घालवायला बरोबर २० मिलिसेकंद सलग वाचन करा आणि सरासरी घ्या. त्यात विजेचं एक पूर्ण आवर्तन बसतं. उनो एवढ्या वेळात पावणेदोनशेच्या आसपास वाचनं करतो. बेरीज प्रोग्राममधल्या साध्या इंट जातीच्या पूर्णांकात ठेवू नका. उनोवर तिची मर्यादा ३२७६७ आहे आणि भर उन्हात तेहतिसाव्या वाचनालाच ती ओलांडली जाते, मग बेरीज उणे दिसू लागते. बेरजेसाठी लाँग ही मोठी जात घ्या. वायर माझ्यासारखी लांब असेल तर ए-शून्य आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बोर्डापाशीच लावा.

इथवर आलं की आकडा विश्वासाचा होतो. पण तो अजून लक्स नाही. आप्पांनी विचारलं होतं पट्टीबद्दल, आणि या भागात मला त्यांच्याच धंद्याचा उपयोग झाला. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न करणाऱ्याची पट्टीच मुळात मोठी असते. करड्या ओतीव लोखंडासाठी तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा इंचाच्या आठव्या भागानं लांब. ॲल्युमिनियमसाठी वेगळी पट्टी. आप्पांच्या कपाटात त्या सगळ्या कापडात गुंडाळून ठेवल्या आहेत. एलडीआरचंही तसंच आहे, फक्त इथं प्रत्येक चकतीची पट्टी वेगळी. एकाच पाकिटातले पाच मी एका जागी मोजले, तर १० लक्सला एक १२ किलोओहम होता आणि एक १८. म्हणून इंटरनेटवरून दुसऱ्याच्या चकतीचे आकडे उचलून आपल्या प्रोग्राममध्ये घालू नका. आपली चकती आपणच मोजायची.

पट्टी बनवायला दोन गोष्टी लागतात: १० लक्सला रेझिस्टन्स किती, आणि उजेड दसपट झाला की तो किती उतरतो. दुसऱ्या गोष्टीला गॅमा म्हणतात.

गॅमासाठी लक्समीटर लागत नाही. आमच्या सामानाच्या खोलीत खिडकीला घोंगडी लावून अंधार केला, भिंतींच्या उजळ भागावर काळं कापड टाकलं आणि एक ७ वॅटचा एलईडी बल्ब लावला. बल्बपासून ५० सेंटिमीटरवर चकती धरली: २.१ किलोओहम. मग १ मीटरवर: ४.८ किलोओहम. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. तेव्हा दोन रेझिस्टन्सच्या गुणोत्तराचा लॉग भागिले चारचा लॉग, म्हणजे ०.३५९ भागिले ०.६०२. उत्तर ०.६. जीएल ५५२८ चा गॅमा साधारण इतकाच असतो. उत्तर फार वेगळं आलं तर समजा की भिंतीवरून किंवा तुमच्याच पांढऱ्या शर्टावरून उजेड परततोय. माझं पहिलं उत्तर त्यामुळेच ०.४८ आलं होतं.

१० लक्ससाठी मेणबत्ती. साध्या मेणबत्तीचा प्रकाश साधारण १ कँडेला असतो, म्हणजे १ मीटरवर १ लक्स. अंतराचा वर्ग लावला की ३२ सेंटिमीटरवर १० लक्स होतात. वारा बंद करा, ज्योत स्थिर होऊ द्या, चकतीचं तोंड ज्योतीकडे ठेवा. माझी १४.८ किलोओहम आली. हे माप दहा-वीस टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतं आणि घरच्या कामाला तेवढं पुरतं. आप्पांनी समई लावून बघूया का विचारलं. बघितलं, पण वातीच्या जाडीनं उजेड फार बदलतो. मेणबत्तीच ठेवा.

मग सूत्र:

लक्स = १० × (१० लक्सचा रेझिस्टन्स ÷ आत्ताचा रेझिस्टन्स), त्याचा १ ÷ गॅमा घात

गॅमा ०.६ असेल तर घात १.६७. हे सूत्र १० ते १०० लक्समध्ये छान चालतं. हजारोंच्या घरात गॅमा बदलू लागतो, म्हणून उन्हासाठी वेगळा ताळा हवा. मी एका मैत्रिणीच्या कॉलेजमधला लक्समीटर दोन दिवस आणला आणि दारातल्या उन्हात चार ठिकाणी दोन्ही शेजारी ठेवून आकडे लिहून घेतले. तशी सोय नसेल तर अँड्रॉइड फोनच्या लाइट सेन्सरचं ॲप वापरा. सेन्सर फोनच्या वरच्या कडेला, पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो. चकती त्याच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून धरा.

चकतीचं तोंड कुठं आहे यानं माप फार बदलतं. मला फक्त दारातून येणारी तिरीप हवी होती, भिंतीचा उजेड नको होता. म्हणून जुन्या काळ्या मार्कर पेनाची चार सेंटिमीटर नळी कापून चकतीवर बसवली. खोलीचा एकूण उजेड हवा असेल तर उलट करा: वर टेबल-टेनिसच्या चेंडूची अर्धी वाटी ठेवा, म्हणजे सगळ्या बाजूंचा उजेड मिसळून आत येतो. नळी किंवा वाटी बसवल्यावर पट्टी परत काढावी लागते. हे विसरू नका.

उनोऐवजी ईएसपी-३२ हा वायफायवाला बोर्ड वापरणाऱ्यांसाठी थोडंसं. त्याचा आकडा ४०९५ पर्यंत जातो, पण दोन्ही टोकांना तो सरळ रेषेत चालत नाही, तेव्हा आकडा मधल्या भागात राहील असाच रेझिस्टर निवडा. एलडीआरला ३.३ व्होल्टच द्या. वायफाय चालू असेल तर ३२ ते ३९ मधल्या ॲनालॉग पिना घ्या, बाकीच्या ॲनालॉग पिना तेव्हा वाचन देत नाहीत.

आपोआप लागणाऱ्या दिव्याबाबत एवढंच: दिव्याचा स्वतःचा उजेड चकतीवर पडू देऊ नका, आणि लावायची व विझवायची सीमा एकच ठेवू नका. १० लक्सला लावा, ३० ला विझवा. दिवा चालू-बंद करणाऱ्या रिलेच्या २३० व्होल्टच्या बाजूला हात घालायचा असेल तर मोठं जाणतं माणूस शेजारी असू द्या आणि आधी मेन स्विच बंद करा.

ज्यांना थेट लक्स हवेत आणि शिकायची हौस नाही त्यांनी बीएच १७५० हा तयार सेन्सर घ्यावा. तो नेहमीच्या मांडणीत ५४ हजार लक्सपर्यंत सरळ आकडा देतो. खराब झालेली चकती फोडू किंवा जाळू नका. तिच्यात कॅडमियम असतं आणि ते विषारी आहे. ई-कचऱ्यात द्या.

नोव्हेंबरात पट्टी तयार होईपर्यंत तिरीप निघून गेली होती. पण २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाला जाऊन परत फिरतो, आणि १० नोव्हेंबर त्या दिवसाआधी जितका दूर, तितकाच १ फेब्रुवारी त्यानंतर. म्हणून अंबाबाईचा किरणोत्सव ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीलाही होतो, आणि आमच्या मागच्या दारातलं ऊनही तेव्हाच पुन्हा देवघरात येतं. ३१ जानेवारीला दुपारीच चकती उजेडात काढून ठेवली. आप्पांनी चौरंगाची जागा फरशीवर पेन्सिलनं आखून घेतली आणि नळीचा कोन स्वतःच्या गुण्यानं जुळवला. तिन्ही संध्याकाळी दर दहा सेकंदांनी एक ओळ नोंदवली. पहिल्या दिवशी ढग होते, माप १४०० लक्सच्या वर गेलंच नाही. दुसऱ्या दिवशी ५८००. तिसऱ्या दिवशी ६१००, आणि तिरीप गेल्यावर दोन मिनिटांत ४०. आप्पांनी तिन्ही आकडे त्यांच्या कामाच्या वहीत लिहिले, पुढे चकतीची निशाणी म्हणून "क्र. ३, नळीसह" असं घातलं, आणि ती चकती वेगळ्या डबीत, त्यांच्या पट्ट्यांशेजारी ठेवून दिली.